एक मीटर अंतरावर

आत्याला घरी सोडण्याआधी रुग्णालयातला तंत्रज्ञ तिच्यापासून बरोबर एक मीटरवर उभा राहिला. फरशीवर त्यासाठी पिवळी पट्टी मारलेली होती. हातातलं यंत्र त्याने तिच्या गळ्याच्या दिशेने धरलं, दहा-पंधरा सेकंद थांबला आणि कागदावर आकडा लिहिला. एक मीटरवर, तासाला १८ मायक्रोसीव्हर्ट. खाली सही.

"अठरा म्हंजे पास का नापास रे?" आत्याने मला विचारलं.

मी म्हणालो, पास.

तीन महिन्यांपूर्वी तिची थायरॉइडची ग्रंथी काढली होती. गाठ कर्करोगाची निघाली. ग्रंथी काढल्यावरही तिच्या काही पेशी गळ्यात उरतात, कधी इतरत्र गेलेल्या असतात. त्या मारायला किरणोत्सारी आयोडीन देतात. थायरॉइडच्या पेशींना आयोडीनची हाव असते, त्या ते ओढून घेतात आणि आतून जळतात. १९४१ मध्ये बॉस्टनला सॉल हर्ट्झ या डॉक्टरने हे पहिल्यांदा रुग्णाला दिलं, तेव्हा ते थायरॉइड वाजवीपेक्षा जास्त काम करत होती म्हणून. कर्करोगासाठीचा वापर नंतर आला. कल्पना मात्र तीच राहिली आणि आजही ती मला विलक्षण वाटते. शत्रूच्या भुकेचा उपयोग करून त्याला विष खाऊ घालायचं.

आत्या तीन दिवस जाड भिंतींच्या खोलीत एकटी होती. जेवण दाराशी यायचं. आता ती बाहेर आली होती, आणि हातात मराठीत छापलेला सूचनांचा कागद होता. काही दिवस वेगळं झोपा. लहान मुलं आणि गरोदर बायका यांच्यापासून लांब राहा. ताट-वाटी, टॉवेल, चादर वेगळी ठेवा. भरपूर पाणी प्या. संडासात दोनदा फ्लश करा. गर्दीत जास्त वेळ थांबू नका.

आमचं गाव शेगावपासून वीसेक किलोमीटरवर. मुंबईहून शेगाव म्हणजे रात्रभराचा प्रवास. 'गर्दीत जास्त वेळ थांबू नका' आणि विदर्भ एक्स्प्रेसचा स्लीपर कोच या दोन गोष्टी एकत्र कशा बसवायच्या, ते कागदावर नव्हतं.

*

मी पुण्यात एका कंपनीत बॅकएंडचा कोड लिहितो. घरात शिकलेला म्हणून हे काम माझ्याकडे आलं, आणि मी ते माझ्या सवयीप्रमाणे केलं. म्हणजे हिशोब मांडला.

तासाला १८ मायक्रोसीव्हर्ट, एक मीटरवर. आठ तास कुणी एवढ्या अंतरावर बसलं तर १४४, म्हणजे ०.१४ मिलिसीव्हर्ट. जगात माणसाला जमिनीतून, हवेतल्या रेडॉनमधून, आकाशातून, खाण्यापिण्यातून वर्षाला सरासरी २.४ मिलिसीव्हर्ट मिळतातच. तर आत्यासमोर एक रात्र म्हणजे नुसतं जगण्यातले सुमारे तीन आठवडे. आपल्याकडे सामान्य माणसासाठी अशा बाहेरच्या स्रोतांची वार्षिक मर्यादा १ मिलिसीव्हर्ट आहे. तिच्या सातव्या भागाइतकं. अंतर दुप्पट केलं की डोस साधारण चौथ्या हिश्श्यावर येतो, म्हणून दोन मीटरवर बसणाऱ्याला ०.०४ सुद्धा नाही.

आकडे बघून बरं वाटलं. मग डोक्यात आलं की भाड्याची गाडी करावी. तेरा हजार सांगितले. पैसे उभे केले असते, पण गाडीतही कुणीतरी असतोच. ड्रायव्हर. बंद गाडीत, आत्यापासून मीटरभरावर, दहा-अकरा तास. ट्रेनमध्ये जो डोस आठ-दहा जणांत विखुरला असता त्यातला मोठा वाटा एका माणसाला दिला असता, आणि त्याला ते सांगितलंही नसतं. सांगितलं असतं तर तो आला नसता. गाडी करणं हा सभ्य पर्याय वाटतो, कारण त्यात आपल्याला फक्त एकाच्या तोंडाकडे बघणं टाळायचं असतं.

ट्रेनने निघालो.

आत्याचा बर्थ खालचा होता. समोर कल्याणला एक बाई चढली. मांडीवर सात-आठ महिन्यांचं बाळ. आत्याला लहान मूल दिसलं की तिचे हात आपोआप पुढे होतात. तिने ते मागे घेतले आणि माझ्याकडे बघितलं. बाळ तिच्या काचेच्या बांगड्यांकडे झेपावत होतं.

खरं सांगायचं की नाही, हा प्रश्न माझ्यासमोर तेव्हा पहिल्यांदा खऱ्या अर्थाने आला. आकड्यांनी तो सोडवला नव्हता, कारण आकडा माझ्याकडे होता, तिच्याकडे नव्हता. आणि 'हिच्या अंगातून किरणोत्सर्ग बाहेर पडतोय, पण फार नाही' हे वाक्य स्लीपर कोचमध्ये म्हणून बघा. त्याच वर्षी, २०२५ च्या जानेवारीत, शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत लोकांचे केस अचानक गळायला लागले होते. बातम्या देशभर गेल्या. पाणी, शॅम्पू, रेशनचा गहू, सगळ्यांवर संशय आला. पुण्यातल्या एका मित्राने मला लगेच मेसेज केला होता, "तिकडे रेडिएशन वगैरे आहे का रे?" तीनच महिने झाले होते. या शब्दाला आमच्या भागात काय किंमत येईल ते मला माहीत होतं.

मी त्या बाईला म्हणालो, "ताई, हिला इन्फेक्शन झालंय, बाळाला लागायला नको. आम्ही जागा बदलून घेतो."

तिने बाळाला पदराखाली घेतलं आणि नाकाला रुमाल लावला. आत्याकडे तिने ज्या नजरेने बघितलं ती मी विसरलेलो नाही, आणि आत्याही विसरलेली नाही. दोन डबे पलीकडे कॉलेजच्या एका मुलाने साइड लोअर दिला. तिथे आजूबाजूला मूल नव्हतं, कुणी गरोदर दिसत नव्हतं (दिसण्यावरून जेवढं कळतं तेवढंच). सगळ्यात जवळचा बर्थ मी घेतला. आत्या झोपली नाही. इगतपुरीच्या पुढे केव्हातरी म्हणाली, "खरं सांगतलं असतं तं काय झालं असतं?"

पहाटे शेगावला दादा, म्हणजे आत्याचा मुलगा, शेजाऱ्याची पिकअप घेऊन आला होता. मागे प्लास्टिकची खुर्ची ठेवली होती. कर्करोगाची रुग्ण बाई, डोक्यावर पदर, पिकअपच्या हौद्यात खुर्चीवर बसून उजाडताना गावात शिरली. "मिरवणूक काढली पोराहीनं," ती म्हणाली.

*

नंतर मी हा हिशोब पुढे नेला, कारण मला त्या बाळाचं काय केलं ते जाणून घ्यायचं होतं.

किरणोत्सर्गापासून संरक्षणाचे नियम एका गृहीतकावर उभे आहेत: डोस अर्धा झाला तर धोका अर्धा, हजारावा भाग झाला तर धोका हजारावा भाग, पण शून्य कधीच नाही. शंभर मिलिसीव्हर्टच्या खाली हे थेट दाखवता आलेलं नाही. सावधगिरी म्हणून मानतात. केरळमध्ये करुनागपल्लीच्या किनाऱ्यावर वाळूत थोरियम आहे, तिथली माणसं पिढ्यान्‌पिढ्या कितीतरी जास्त किरणोत्सर्गात राहतात, आणि २००९ मध्ये आलेल्या मोठ्या अभ्यासात त्यामुळे कर्करोग वाढल्याचं आढळलं नाही. उलट आमची काळी माती ज्या बेसाल्टची झाली त्यात युरेनियम-थोरियम कमी. लोणारला उल्का पडली, पण तरीही जमिनीच्या बाबतीत आम्ही शांत जागी राहतो.

गृहीतक खरं मानू. आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण आयोग सरासरी माणसासाठी एका सीव्हर्टमागे साडेपाच टक्के कर्करोगाचा धोका धरतो. ०.१४ मिलिसीव्हर्टला तो येतो दहा लाखांत आठ. तान्ह्या मुलांना जास्त असतो, काही पट धरा. आणि ते बाळ आठ तास समोर बसलंच नाही, फार तर पंधरा मिनिटं. दुसऱ्या बाजूला, भारतात जन्मलेल्या माणसाला आयुष्यात कधीतरी कर्करोग होण्याची शक्यता साधारण नवात एक अशी आपली कर्करोग नोंदणी सांगते. दहा लाखांत एक लाख अकरा हजार. त्यात आठ.

म्हणजे काहीच नाही? इथे डेरेक पार्फिट आठवतो. १९८४ च्या 'रीझन्स अँड पर्सन्स' या पुस्तकात त्याने एक गोष्ट रचली आहे. हजार छळ करणारे आणि हजार बळी. प्रत्येक जण एक बटण दाबतो. एका बटणाने प्रत्येक बळीची वेदना इतकी किंचित वाढते की त्याला कळतही नाही. हजार बटणं दाबली की प्रत्येक जण तडफडतो. मग एकेक छळ करणारा म्हणतो, मी तर कुणालाच कळेल असं काही केलं नाही. पार्फिटचं म्हणणं, 'माझ्यामुळे कुणाला जाणवलं नाही' ही सबब चालत नाही. आपण सगळे मिळून काय करतो ते बघावं लागतं.

आम्हा प्रोग्रामर लोकांना हे वेगळ्या तोंडाने माहीत आहे. प्रत्येक व्यवहारात पैशाचा एक अंश खाली गोल केला तर ग्राहकाला कळत नाही, पण कोटी व्यवहारांनंतर तो पैसा कुठेतरी साठलेला असतो. गोल करून टाकलेलं शून्य नसतं.

पण इथे गंमत अशी आहे की नेमका हाच गुणाकार करू नका, असं तोच आयोग २००७ च्या शिफारशींमध्ये सांगतो. अतिशय लहान डोस प्रचंड लोकसंख्येने गुणून 'इतके जण मरतील' असा आकडा काढणं चुकीचं, कारण एवढ्या लहान डोसवर पायाच अनिश्चित आहे. मला आधी ही पळवाट वाटली. आता पूर्ण तशी वाटत नाही. आत्याची बाई आणि पार्फिटचा छळ करणारा यांच्यात फरक आहे. तो बटण दाबतो कारण त्याला छळायचं आहे. आत्याचं बटण दुसऱ्या कारणासाठी दाबलेलं होतं, त्या दुसऱ्या कारणाचं नाव तिचा जीव होतं, आणि डब्यातल्या प्रत्येकाला उद्या तेच बटण लागू शकतं. एक लाख अकरा हजार लोक त्याच डब्यात बसलेत.

तरी खोटं बोललो ते बोललोच. धोका क्षुल्लक होता म्हणून सांगायची गरज नव्हती, हा युक्तिवाद माझ्याकडे होता. मग जागा का बदलली? धोका जागा बदलण्याइतका होता पण सांगण्याइतका नव्हता, असं मी ठरवलं, आणि ते तिच्या वतीने ठरवलं.

*

घरी आल्यावर आत्याची खाट मागच्या खोलीत टाकली. एप्रिल होता, ४३-४४ डिग्री. कूलर पुढच्या खोलीत एकच. पाच वर्षांच्या चिऊला वहिनीच्या माहेरी, चिखलीला पाठवलं. ताट वेगळं, तांब्या वेगळा. 'दोनदा फ्लश'चं आम्ही भाषांतर केलं: दोन बादल्या. नळ आठवड्यातून एकदा यायचा आणि बोअर अर्धा तास चालून दम टाकायचा, म्हणून त्या दोन बादल्यांची गणितं रोज व्हायची.

शेजारच्या काकू दारातून विचारायच्या, "कशी आहे?" आणि उंबऱ्याच्या आत यायच्या नाहीत. आत्या खाटेवरून ओरडायची, "ये नं मध्ये, मी काय डीपी आहो का, शॉक लागाले?" काकू हसायच्या आणि तिथेच थांबायच्या. तिसऱ्या दिवशी आत्या मला म्हणाली, "या वयात कावळा शिवला पाहा मले." आणि पोट धरून हसली. मी हसू शकलो नाही.

वेगळं ताट, वेगळी चादर, लांबून वाढायचं, शिवायचं नाही. आमच्या घराला हे व्याकरण पाठ होतं. आत्या सून म्हणून आली तेव्हा दर महिन्याला चार दिवस ती याच मागच्या खोलीत बसायची. आणि वेगळी कपबशी गावात आणखी कुणासाठी ठेवलेली असायची तेही गावात सगळ्यांना माहीत आहे. काही घरांत अजून असते. मी सूचनांचा कागद वाचून दाखवला तेव्हा घरात कुणीही 'का?' विचारलं नाही. किती पटकन जमलं सगळ्यांना! पुण्यात माझ्या फ्लॅटमध्ये हेच करायचं असतं तर दहा प्रश्न विचारले गेले असते.

फरक मी मांडून बघितला. विटाळाला मीटर नसतं. किरणोत्सर्गाला असतं, आणि त्याला तारीखही असते. आयोडीन-१३१ दर आठ दिवसांनी अर्धं होतं. ज्याची थायरॉइड काढलेली आहे त्याच्या शरीरातून तर ते लघवीवाटे त्याहून कितीतरी लवकर बाहेर पडतं. दोन-तीन आठवड्यांनी आत्याजवळ बसणं आणि माझ्याजवळ बसणं यात म्हणण्यासारखा फरक नव्हता. विज्ञानाने सांगितलेलं अंतर संपण्यासाठी सांगितलेलं असतं.

पण ते संपलं नाही. काकू उंबऱ्याच्या आत आल्या त्या श्रावणात. गल्लीतली मुलं आत्याच्या अंगणात खेळायची, ती समोरच्या अंगणात खेळायला लागली. जूनमध्ये घरचं पापड-कुरडयांचं काम निघालं, तर तिला 'तुम्ही आराम करा' म्हणून सांगितलं. कुणी वाईट बोललं नाही. मी गावात दोघा-तिघांना आठ दिवसांचं अर्धं, मग पाव, मग दोन आणे असं समजावून सांगितलं. त्यांनी मान डोलावली. मला वाटतं, त्यांना गणित कळलं होतं. वेगळं केलेलं माणूस परत आत घ्यायचा विधी मात्र त्यांच्याकडे नव्हता, आणि माझ्याकडेही नव्हता. चार दिवसांनंतर निदान न्हाऊन घरात येता यायचं.

*

या काळात मी रात्री जागून अहवाल वाचायचो. संयुक्त राष्ट्रांची किरणोत्सर्गाचा अभ्यास करणारी एक वैज्ञानिक समिती आहे, १९५५ पासूनची. अणुचाचण्यांच्या भीतीतून ती जन्मली, आणि आता तिच्या अहवालांत माणसाने स्वतःला दिलेल्या किरणोत्सर्गाचा सर्वांत मोठा हिस्सा वैद्यकीय तपासण्यांचा असतो. त्यातला थोडा भाग न्यूक्लिअर मेडिसिनचा: आत्यासारखे उपचार, आणि त्याहून कितीतरी जास्त म्हणजे स्कॅन. हाडांचा, किडनीचा, हृदयाचा. शिरेतून थोडं टेक्निशियम देतात, ते सहा तासांत अर्धं होतं, आणि माणूस तेवढा वेळ आतून उजळलेल्या दिव्यासारखा कॅमेऱ्यासमोर पडून राहतो. हाडांच्या स्कॅनला साधारण ४ मिलिसीव्हर्ट.

या सगळ्याला लोकसंख्येने भागून 'दरडोई डोस' काढतात. अमेरिकेत न्यूक्लिअर मेडिसिनचा दरडोई वाटा १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ०.१४ मिलिसीव्हर्ट होता, २००६ मध्ये ०.८ च्या आसपास गेला. ओरड झाली, तपासण्या कमी झाल्या, पद्धती सुधारल्या, आणि २०१६ मध्ये तो ०.३ वर आला. चांगली गोष्ट आहे. विनाकारण दिलेला डोस कमी व्हायलाच हवा.

माझं मन मात्र दुसऱ्या एका वाक्यावर अडकलं. त्या समितीच्या २००८ च्या अहवालात जगभरात वर्षाला अशा सुमारे ३ कोटी २७ लाख तपासण्या होतात असा अंदाज होता. त्यांतल्या जवळपास ९० टक्के तपासण्या ज्या देशांत होत होत्या तिथे जगाची साधारण २४ टक्के माणसं राहत होती.

आता बुलढाणा घ्या. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या २५ लाख ८६ हजार. समजा, वर्षाला हजार जणांचा हाडांचा स्कॅन झाला. हजार गुणिले ४, भागिले २५ लाख ८६ हजार. दरडोई ०.००१५ मिलिसीव्हर्ट. नकाशावर रंगवला तर जिल्हा पांढराशुभ्र दिसेल. अत्यंत सुरक्षित.

ही सरासरी कुणाच्याही अंगात नाही. हजार जणांच्या अंगात ४ आहे आणि बाकी पंचवीस लाखांच्या अंगात शून्य. आमच्या धंद्यात सरासरीवर कुणी विश्वास ठेवत नाही. ॲप सरासरी अर्ध्या सेकंदात उघडतं म्हणून सांगितलं तर सीनियर विचारतो, ज्या शंभराव्या माणसाला नऊ सेकंद लागले त्याचं काय? इथे उलटा प्रश्न विचारायला हवा. ज्यांना शून्य मिळालं त्यांचं काय? त्यातल्या बहुतेकांना गरज नव्हती म्हणून शून्य आहे, हे ठीक. पण संग्रामपूर-जळगाव जामोदकडे, खारपाणपट्ट्यात, किडनीच्या आजाराने माणसं गेली आहेत. किडनी किती टक्के काम करते हे दाखवणारा स्कॅन त्यांच्यातल्या कितींनी केला असेल? माझ्या ओळखीतले जे दोघं गेले ते संभाजीनगरला नाहीतर नागपूरला गेले, दिवसाची मजुरी बुडवून. बाकीच्यांचं शून्य हे सुरक्षिततेचं शून्य नाही. तिथपर्यंत एसटीचं भाडं पोचलं नाही, त्याचं शून्य आहे.

त्याच महिन्यात ऑफिसात एक सहकारी, वय तेहतीस, धडधाकट, सांगत होता की त्याने पूर्ण शरीराचं पेट-सीटी करून घ्यायचं ठरवलंय. 'एकदा बघून घेतलेलं बरं.' निव्वळ इंजेक्शनचेच ७ मिलिसीव्हर्ट, वर सीटीचे वेगळे. मी त्याला म्हणालो, तुझ्या डॉक्टरने सांगितलंय का? नाही म्हणाला. त्याचे मिलिसीव्हर्ट आणि आत्याचे मिलिसीव्हर्ट त्या अहवालाच्या एकाच रकान्यात जाणार, एकाच बेरजेत. एक भीतीपोटी विकत घेतलेला, एक जगण्यासाठी. बेरीज कमी करायची म्हणून कुणी धोरण आखलं तर पहिला फटका कुणाला बसेल? ज्याला तपासणीपर्यंत पोचणंच अवघड आहे, त्याला. सहकारी पैसे देऊन दुसरीकडे करून घेईल.

म्हणून मला तो आकडा आता डोस म्हणून वाचताच येत नाही. कुणाला मिळालं, कशासाठी मिळालं, त्याला ते माहीत होतं का: हे तीन प्रश्न पुसून टाकले की जे उरतं ते दरडोई.

आणि तरी ही सगळी व्यवस्था आपल्याकडे कुणीतरी गरिबांचा विचार करूनच उभी केली होती. १९६३ साली अणुऊर्जा खात्याने परळला रेडिएशन मेडिसिन सेंटर सुरू केलं. ते आज भाभा अणुसंशोधन केंद्राचा भाग आहे. असलं आयोडीन ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीत टेल्युरियमवर न्यूट्रॉन मारून बनवतात. ट्रॉम्बेत जन्मलेलं काहीतरी आत्याच्या गळ्यातून विदर्भ एक्स्प्रेसने आमच्या मागच्या खोलीपर्यंत यावं आणि तिथे तिचा जीव वाचवून विरून जावं, याचं मला कौतुकच वाटतं. प्रश्न शेवटच्या पाचशे किलोमीटरचा आहे.

*

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसलो तिच्याकडे येतो.

नियमांत रुग्णाला डोसची मर्यादा नसते. डॉक्टरने फायदा-तोटा तोलायचा. काम करणाऱ्यांना असते, आपल्याकडे पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसीव्हर्ट, आणि त्यांच्या छातीवर बिल्ला असतो, तो डोस मोजतो. बाहेरच्या माणसाला १. आणि या तिघांच्या मध्ये एक चौथा वर्ग आहे: रुग्णाची सेवा करणारे घरचे लोक. त्यांना एका उपचारामागे ५ मिलिसीव्हर्टपर्यंत चालतात, असं आयोग म्हणतो. बाहेरच्यापेक्षा पाचपट. का? कारण ते हे 'जाणून आणि स्वखुशीने' घेतात.

मला ही तरतूद फार आवडली होती. एवढ्या रुक्ष कागदात प्रेमाला जागा ठेवलेली आहे, असं वाटलं. मी स्वतःला त्यात बसवलं. ट्रेनमध्ये सगळ्यात जवळचा बर्थ मी घेतला होता, जाणून, स्वखुशीने, ०.१४.

मग एकदा वहिनीशी फोनवर बोलताना सहज विचारलं, त्या पहिल्या दहा दिवसांत आत्याच्या चादरी कोण धुवायचं? आयोडीन घामातून, लघवीतून बाहेर पडतं. त्या दिवसांत उन्हाळा होता, आत्याला रात्री घामाच्या धारा लागायच्या.

"कोण धुणार भाऊजी?" वहिनी म्हणाली.

हातमोजे होते का? कागदावर होतं ते. दादाने आणतो म्हणाला होता. दगडावर, हाताने, बोअरच्या पाण्यात, दहा दिवस. संडासात दोन बादल्या ओतायला आत्याला उचलवायच्या नाहीत, त्याही तीच ओतायची. आपण हिशोब केला तरी तिचा डोस फार झाला नसणार, हे मला माहीत आहे. माझ्या बर्थच्या हिशोबाइतकाच असेल, कदाचित थोडा वर. पण मी तो केलाच नव्हता. अनोळखी बाळासाठी केला, ड्रायव्हरसाठी केला, डब्यातल्या न दिसणाऱ्या गरोदर बाईसाठी केला. ज्या एका माणसाने रोज हात घातले तिचं नाव माझ्या शीटमध्ये नव्हतं. कागद मी वाचून दाखवला तेव्हा ती चुलीजवळ होती. तिला ऐकू आलं असेल असं मी धरलं.

'जाणून' हे मी तिला सांगितलं नव्हतं. आणि 'स्वखुशीने'? सुनेने सासूच्या चादरी धुवायच्या की नाही, हे आमच्या घरात कुणी कधी विचारलेलं नाही. आयोगाने तो शब्द लिहिताना नकार देता येईल अशी माणसं डोळ्यांसमोर आणली असणार. तो शब्द खोटा नाही. तो आमच्या घरापर्यंत पोचायला कुणीतरी विचारायला हवं होतं, आणि ते काम माझं होतं. ट्रेनमधल्या बाईशी मी निदान खोटं बोललो. वहिनीशी तेवढंही बोललो नाही.

ती चिडली नव्हती. "तुम्ही लोकांनी केलं नं बाकीचं सगळं," म्हणाली.

आत्या ठीक आहे. डॉक्टरांनी पुढच्या तपासणीसाठी पुन्हा बोलावलंय; थोडं आयोडीन देऊन पूर्ण शरीराचा स्कॅन करतील, कुठे काही उरलं नाही ना ते बघायला. या वेळचा डोस अगदी कमी असेल, तरी एक-दोन दिवस जपावं लागेल. मी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळं लिहिलं. किती असेल, किती दिवस, कुणी काय करायचं, कुणाला नको असेल तर नाही म्हणा, असं स्पष्ट. दादाने अंगठा टाकला. आत्याने हात जोडलेले टाकले. काकांनी कुठलंतरी सुप्रभात फॉरवर्ड केलं.

रात्री अकरा वाजता वहिनीचा मेसेज आला. "चादरी या वेळी तुम्ही धुवा भाऊजी."

धुतो म्हणून लिहिलं. रजा टाकली आहे, तारीख अजून मिळालेली नाही.